पॉलिसीचं पहिलं वर्ष

आमच्या घरात कुणी आजारी पडलं की बाबा आधी बिल बघायचे, मग जीभ. हे मी गमतीनं सांगते, पण त्यात गंमत थोडी आणि खरं जास्त आहे. बाबा नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात हिशेबनीस होते. पगारात औषधपाण्यासाठी म्हणून एक रक्कम असायची आणि तेवढ्याची बिलं दाखवली की तिच्यावर इन्कम टॅक्स लागत नसे. त्यामुळे मला तापाच्या गोळ्या आणायला धाडलं तरी मागून आवाज यायचा, "बिल घे. नाव पूर्ण लिहायला सांग." फेब्रुवारी लागला की इंदिरानगरातल्या आमच्या गल्लीतले निम्मे पुरुष बिलांच्या मागे लागायचे. एरवी सर्दीला सुंठीवर भागवणारी माणसं कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला गाठून, कुणी टाकून गेलेली बिलं आहेत का म्हणून हळूच विचारायची. बाबा त्यातले नव्हते. दुसऱ्याचं दुखणं आपल्या नावावर घ्यायचं नाही, असं ते म्हणायचे आणि वागायचेही तसेच.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना, नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं तेव्हा, बाबांनी आम्हा तिघांची मेडिक्लेम पॉलिसी काढली. काढली ती मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. आमच्या घरातल्या सगळ्या शहाणपणाच्या गोष्टी मार्चच्या शेवटच्या आठवड्यातच व्हायच्या, कारण एकतीस तारखेनंतर त्या वर्षाची सवलत मिळत नाही. दवाखान्याची भीती होती म्हणून काही त्यांनी पॉलिसी काढली नव्हती. हप्त्यावर टॅक्सची सूट होती म्हणून काढली होती.

त्या दिवशी जेवताना त्यांनी पॉलिसीच्या अटी मोठ्यानं वाचून दाखवल्या. अटी वाचायची त्यांना हौसच होती. "आधीपासूनचं दुखणं असेल तर दमडी मिळत नाही," ते म्हणाले, "आणि पहिल्या वर्षात मोतीबिंदू नाही, हर्निया नाही, मूळव्याध नाही, बायकांचं पिशवीचं ऑपरेशन नाही. म्हणून पहिलं वर्ष जपून राहायचं. डॉक्टरनं एकदा कागदावर लिहिलं की ते कायमचं झालं." मी भातावर वरण घेत होते. आई बाबांना पोळी वाढत होती. तिनं हे सगळं किती नीट ऐकलं, ते आम्हाला पुढे कळायचं होतं.

आई फुलं पिकवणाऱ्या घरातली. गंगापूर रोडच्या पुढे नदीकाठी तिचं माहेर. तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, झेंडू आणि शेवंती लावायचा, कडेला मेथी-कोथिंबीर. पहाटे फुलबाजारात माल टाकून घरी परतताना तो आमच्याकडे चहाला थांबायचा आणि ओट्यावर कागदात बांधलेली फुलं ठेवून जायचा. आई त्यांचा देवासाठी हार करायची. बोलता बोलता, भाजीकडे बघता बघता, सुईकडे न बघता तिचा हार व्हायचा. पाळीच्या दिवसांत मात्र ती देवाला शिवायची नाही. मग पूजा आणि हार माझ्याकडे यायचा. माझा हार एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ व्हायचा. मामा बघायचा आणि म्हणायचा, "हा हार हाय का दात पडल्यालं तोंड?"

त्या वर्षी गणपती गेले आणि हार माझ्याकडेच राहिला. चार दिवस गेले, आठ गेले. आई म्हणाली, तुला सवय व्हायला हवी, उद्या सासरी काय करशील. मी तोंड वेंगाडून ऐकलं. मधे दोन-तीन दिवस ती पूजेला बसायची, पुन्हा मला हाक मारायची. बाबांना यातलं काही कळलं नाही. त्यांना देवाच्या गळ्यात हार दिसला की पुरे होतं. नवरात्रात आईनं घटाला हात लावला नाही, पाठ धरलीय म्हणाली. घट हा आईचा जीव होता.

मी तिला मोरीच्या दाराशी धरून विचारलं. ती आधी रागावली. मग हळू आवाजात म्हणाली, "अंगावरून जातंय गं. थांबतच नाही."

"डॉक्टरकडे जाऊ."

"जाऊ. मार्च संपू दे."

मला आधी कळेचना. मग तिनं बाबांचीच वाक्यं बाबांच्याच सुरात म्हणून दाखवली. पहिल्या वर्षात पिशवीचं ऑपरेशन चालत नाही. कागद झाला की कायमचा. तिच्या मावशीला असंच झालं होतं, पिशवी काढावी लागली होती, म्हणजे तिलाही लागणार, हे तिनं मनाशी धरलं होतं. ऑपरेशनचा खर्च घरातून केला तर माझं पुढचं शिक्षण त्यात जाईल, हेही तिनं धरलं होतं. मार्चअखेर पॉलिसीला वर्ष होईल. एप्रिलमध्ये डॉक्टरकडे जायचं आणि आत्ताच सुरू झालं म्हणून सांगायचं, इतका सोपा बेत होता.

"बाबांना तरी सांग," मी म्हणाले.

"त्यांना सांगितलं तर ते खोटं बोलायचे नाहीत. आणि खरं बोलले तर पैसे मिळायचे नाहीत. त्यांना कशाला त्या पेचात टाकू?" मग तिनं माझा हात डोक्यावर ठेवून घेतला आणि शपथ घातली. मी अठरा वर्षांची घोडी होते, कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं मिळवत होते. पण आईच्या डोक्यावर ठेवलेला हात मला उचलता आला नाही.

तेव्हापासून मला भीती लागली ती लागलीच. कापूस, पॅड आणि रक्तवाढीच्या गोळ्या मी सायकलवरून पार द्वारका चौकाकडच्या दुकानातून आणायची, कारण कोपऱ्यावरचा मेडिकलवाला बाबांच्या बिलांमुळे आमच्या घरातलं सगळं जाणून होता. दुकानदार वर्तमानपत्रात पुडा बांधून विचारायचा, "बिल करू?" मी नको म्हणायची आणि चोरी केल्यासारखी सायकल हाणायची. आमच्या घरात बिलाशिवाय आलेलं ते पहिलं औषध.

आई पांढरी पडत चालली. नखं पांढरी, ओठ पांढरे. गच्चीवर वाळवण घालायला निघाली की जिन्यात मधेच थांबायची आणि मी मागे आहे असं दिसलं की उगाच कठडा पुसायला लागायची. वर्गात समोर ताळेबंद चालू असायचा आणि मला आईचा जिना दिसायचा. कॉलेजातून येताना फाटकापाशी मी आधी उभी राहायची. आतून भांड्याचा आवाज आला की मगच कडी काढायची. एकदा आवाज आला नाही. मी धावत आत गेले तर ती धान्याच्या डब्याला टेकून जमिनीवर झोपली होती. मी तिच्या नाकापाशी हात धरला. तिनं डोळे न उघडताच सांगितलं, "आहे अजून."

मामालाही दिसत होतं. "ताई, तोंड लय उतरलंय तुझं. काय व्हतंय?" तो विचारायचा. ती म्हणायची, "वय झालं की." मामाला कळलं तर तो टेम्पोत घालून नेईल, हे तिला माहीत होतं. म्हणून मामा आला की ती पदर डोक्यावरून घेऊन ओट्याकडे तोंड करून उभी राहायची आणि खूप बोलायची.

फेब्रुवारीचा शेवटचा दिवस आला. तेव्हा अर्थसंकल्प संध्याकाळी पाचला मांडायचे. बाबा त्या दिवशी कारखान्यातून लवकर यायचे आणि वही-पेन्सिल घेऊन टीव्हीसमोर बसायचे. मामा बाजार समितीतला भाजीचा लिलाव उरकून आला. टेम्पो फाटकाशी लावला, पाय धुतले आणि बाबांशी भांडायला तयार होऊन बसला. दोघांना ते वार्षिक भांडण आवडायचं. बोलायला एरवी त्यांच्यात दुसरं काही नव्हतं.

मी आईच्या हातातून चहाची भांडी घेत होते. मनात एकच होतं, आजचा दिवस गेला की फक्त मार्च. मार्च निघाला की आई डॉक्टरकडे.

बाहेर बाबांचा आवाज चढला. मेडिक्लेमच्या हप्त्यावरची सूट वाढली होती. "बघा," ते मामाला म्हणाले, "सरकारला अखेर अक्कल आली. आता चार माणसं विमा घेतील."

"ही सूट कोनाला, दाजी?"

"टॅक्स भरतो त्याला."

"आन भरत नाय त्याला?"

"त्याला कशातून सूट देणार? तुमच्या शेतीवर टॅक्सच नाही. तुम्हाला तर सगळीच सूट आहे."

"म्हंजी टॅक्सवाल्याचंच पोट दुखतं, आमचं नाय," मामा म्हणाला. "तुमी सोडून दिला त्यो टॅक्स बी सरकारचाच पैसा ना? त्यात गावोगाव डाक्तर बसवा की. लेडी डाक्तर बसवा. आमच्याकडची बाईमानूस पुरुष डाक्तरापुढं तोंड उघडत नाय. मरंल, पन सांगायची नाय."

आईच्या हातात गाळणी होती. तिनं ती खाली ठेवली आणि पुन्हा उचलली.

"सगळ्यांना फुकट द्यायला गेलं की कुणालाच धड मिळत नाही," बाबा म्हणाले. "माणसानं आपली सोय आपण करावी, सरकारनं हातभार लावावा. सुधारणा म्हणतात ती हीच. तुम्हीसुद्धा पॉलिसी काढा, मी फॉर्म भरून देतो."

"तुमची पॉलिसी निरोगी मानसाचं औषध हाय, दाजी. ज्याला दुखतं त्याला ती नाय म्हनती."

बाबा हसले. त्यांना मामाची जीभ मनातून आवडायची. मग वहीत काहीतरी आकडेमोड करून ते आतल्या दाराकडे वळून म्हणाले, "अगं, ऐकलंस का? यंदा मार्चमध्ये हप्ता भरायचा नाही. या वर्षी माझा टॅक्स तसाही निघत नाही, सूट वाया जाते. आपण पॉलिसी सोडून देऊ आणि एप्रिलमध्ये नवी मोठी काढू. वाढलेली सूट पूर्ण मिळेल."

आई दारापर्यंत गेली. पदर नीट केला. "मग हे जे वर्ष झालं, ते?"

"ते संपलं. नव्याचं पुन्हा पहिल्यापासून. आपल्याला काय फरक पडतो? कुणाला काय झालंय?"

"बरोबर," आई म्हणाली आणि आत आली.

ती ओट्याला धरून हळूहळू खाली बसली. मी तिच्यासमोर बसले. मला वाटलं ती रडेल. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. "म्हणजे पुढच्या वर्षीचा मार्च," ती म्हणाली. "निघेल गं. एवढं निघालं तसं तेही निघेल."

ती खरंच तेवढं थांबली असती. ते मला तिच्या तोंडावर स्पष्ट दिसलं, आणि आयुष्यात कधी वाटली नव्हती इतकी भीती मला त्या क्षणी वाटली. इतके महिने मी मार्चची वाट बघत होते. आता मार्चच नव्हता. शपथ मोडली तर आई मरेल, असं मला लहानपणापासून वाटायचं. पाळली तरी मरणारच होती.

मी उठून बाहेर गेले. टीव्हीवर भाषण चालू होतं. पुरुषांसमोर जे कधीच बोलायचं नसतं, ते मी बापासमोर आणि मामासमोर उभं राहून बोलले. "आईच्या अंगावरून जातंय. गणपतीपासून. पॉलिसीला वर्ष व्हायचं म्हणून ती थांबलीय."

बाबांच्या हातात पेन्सिल तशीच राहिली. त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा, "कुणाला दाखवलंय का? कुठे कागद झालाय का?"

मग आपणच काय बोललो ते ऐकू आल्यासारखी त्यांनी वही मिटून ठेवली. मामानं त्यांच्याकडे एकदा बघितलं, उठला, आत गेला आणि आईला दंडाला धरून घेऊन आला. आई माझ्याकडे बघत नव्हती. "चप्पल दे तिची," मामा मला म्हणाला.

टेम्पोत पुढे मामा, आई आणि मी. मागे रिकामी क्रेटं वाजत होती आणि प्रत्येक खड्ड्याला मामा आईला सॉरी म्हणत होता. हा शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मुंबई नाक्याजवळ एका डॉक्टरीणबाईंचं लहानसं हॉस्पिटल होतं. बाबा स्कूटरवर आमच्या आधी पोचले होते. सवयीप्रमाणे त्यांनी पॉलिसीची निळी फाइल काखेत आणली होती.

डॉक्टरीणबाईंनी आईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि पेन उचललं. "कधीपासून होतंय?"

"आठ-पंधरा दिवस," आई म्हणाली. इतकं सगळं होऊनही ती म्हणाली.

"पंधरा दिवसांत माणूस इतका पांढरा होत नाही," बाई म्हणाल्या. आवाज शांत होता, त्यामुळे जास्त भीती वाटली. "हे बघा, साधी गाठ असेल, नाहीतर दुसरं काही असेल. किती दिवस चाललंय ते खरं कळलं नाही तर काय शोधायचं ते मला कळणार नाही."

मी बोलणार होते. तेवढ्यात बाबा म्हणाले, "गणपतीपासून."

"अहो," आई म्हणाली.

"तू गप बस." बाबा तिच्याशी असं कधी बोलले नव्हते. त्यांनी फाइल खुर्चीखाली ठेवली. "सहा महिने होतायत, डॉक्टर. लिहा."

बाईंनी फाइलकडे बघितलं. "विमा आहे ना तुमचा? मी लिहिलं की..."

"माहितेय मला. लिहा."

बाईंनी लिहिलं. पेनचा आवाज ऐकू येत होता. आई डोळे मिटून बसली होती आणि तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. ते सुटल्याचं होतं की पैसे गेल्याचं, हे मी तिला कधी विचारलं नाही.

तिला आधी रक्त चढवावं लागलं. मामाचं रक्त जुळलं, बाबांचं जुळलं नाही. ते त्यांना फार लागलं. मग पिशवी काढली आणि तिचा तुकडा तपासायला पाठवला. तो निकाल येईपर्यंतचे दिवस मला आठवायचे नाहीत. पायरीवर बसून बाबा आणि मामा एकाच कपातला चहा अर्धा अर्धा प्यायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत, एवढंच आठवतं. गाठ साधी निघाली. पण आणखी महिनाभर काढला असता तर साध्या गाठीनंच आई गेली असती, असं डॉक्टरीणबाई मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाल्या. हे त्यांनी मला का सांगितलं कोण जाणे. मी ते घरात कुणाला सांगितलं नाही.

मी शिकलेही. खर्चाची तोंडमिळवणी बाबांनी कशी केली, तेवढं मात्र त्यांनी कुठे लिहून ठेवलं नाही. पुढच्या वर्षीही अर्थसंकल्पाला मामा आला, भांडण झालं, पण बाबांचा आवाज पूर्वीसारखा चढला नाही. आईनं दारात उभं राहून मामाची बाजू घेतली. "लेडी डॉक्टर हवी गावात," ती म्हणाली. बाबा म्हणाले, "हवी."

मला वाटलं होतं ती भीती तिथेच संपली. लग्नानंतर मी नाशिकमध्येच राहिले, कॉलेज रोडकडे. दोन हजारनंतरची पाच-सहा वर्षं गेली असतील. एका दुपारी आंघोळ करताना छातीत हाताला गाठ लागली. ती पुढे साधीच निघाली, पण त्या दुपारी ते कुणाला ठाऊक होतं. घरात कुणी नव्हतं. मी ओले केस तसेच ठेवून कपाट उघडलं आणि काय बाहेर काढलं, तर पॉलिसी. नवऱ्यानं नोकरी बदलली होती, पॉलिसी नवी होती. मी पलंगावर बसून बोटांवर महिने मोजत होते. चार महिने कमी पडत होते. चार महिने काय, निघतील, असं माझ्याच मनात आलं, अगदी आईच्या आवाजात.

मी माहेरी फोन लावला. आईनं घेतला. मी गाठीचं सांगितलं. मग ती म्हणाली, "पॉलिसीला वर्ष झालं का गं?"

मी हातातल्या पॉलिसीकडे बघितलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "हे काय विचारलं मी. तोंडातून गेलं बघ." तिचा श्वास ऐकू येत होता, जिन्यात यायचा तसा. मग ती म्हणाली, "तू आत्ता ऊठ. रिक्षा कर आणि मुंबई नाक्याच्या त्या डॉक्टरीणबाईंकडे जा. हे निघतायत, येतील तिथे. आणि फोन ठेवू नकोस. मला तुझं दार लागलेलं ऐकू दे, मग मी ठेवीन."

मी रिसीव्हर टेबलावर तसाच ठेवला. पॉलिसी कपाटात टाकली, चप्पल घातली आणि तिला ऐकू जावं म्हणून दार जोरात ओढून घेतलं.